वल्हं मोडलं ते बरं झालं म्हणणारे

अकोल्यात आमच्या चौकात संत्र्यांची पहिली हातगाडी लागली की माझं डोकं सकाळीच फिरतं. गाडीवाला ओरडत असतो, "नागपूरची घ्या, नागपूरची!" मी थांबते आणि त्याला सांगते, की बाबा रे, ही नागपूरची नाहीत, मोर्शीकडची आहेत. मी त्याच झाडांखाली वाढले आहे, मला नको शिकवू. तो वजन करता करता म्हणतो, "असतीन बाई. पन नागपूर म्हनल्याशिवाय गिऱ्हाईक थांबत नाई." म्हणजे झाडं आमची, फळगळीच्या दिवसांत गळालेली फळं मोजत बसतो ते आम्ही, फांद्यांना टेकू देता देता खांदे भरून येतात ते आमचे, आणि नाव भलत्याचंच. मी तणतणत घरी येते आणि पिशवीतलं एक संत्रं सोलायला घेते.

सालीचा तो तिखट फवारा बोटांवर उडाला की गाडीवाला डोक्यातून जातो. त्याच्यावर माझा खरा राग नाहीच. खरा राग दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीचा आहे. तो माझ्या सख्ख्या भावावर आहे, गावावर आहे आणि "बरं झालं" या दोन शब्दांवर आहे. लोक म्हणतात, सोडून दे, झालं गेलं. मी का सोडू?

आंब्याला मोहोर येतो त्याच सुमारास संत्र्यालाही फुलं येतात, म्हणून त्या बहाराला आंबिया म्हणायचं. त्याची फळं दसऱ्यानंतर रंग धरतात. आमच्या भागात या दिवसांना एक वेगळाच वास असतो. सोयाबीन निघालेलं असतं, त्याचा भुसा हवेत असतो आणि सारखी शिंक येते. कपाशीची पहिली बोंडं फुटायला लागतात. सकाळी धुई इतकी दाट असते की अंगणातला नळही दिसत नाही. आणि या सगळ्याच्या खाली संत्र्याचा वास असतो, हाताला, फडक्याला, दाराच्या कडीलासुद्धा. अमरावतीहून मोर्शीकडे जाणाऱ्या एसटीत बसलं की अर्ध्या वाटेवर तो खिडकीतून आत येतो, आणि मला कळतं की आता आपली भाषा बदलायची वेळ झाली.

आमचा बगीचा पाण्यापलीकडे आहे. हे सांगितलं की लोकांना फार रम्य वाटतं. माझ्या शाळेतल्या एक बाई तर म्हणाल्या, "अय्या, बोटीतून शेतात? किती छान!" छान कसलं डोंबलाचं. धरण झालं, पाणी मागे फुगत आलं, आणि वावराकडे जाणारा रस्ता त्यात गेला. वावर उंचवट्यावर होतं म्हणून तेवढं वाचलं. फेऱ्याचा रस्ता आहे, पण तो शेजारच्या गावावरून काळ्या मातीतून जातो, आणि पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत त्यात बैल रुततो तिथे माणसाचं काय. पूल होणार होता. नारळ फुटला, दगड बसला, फोटो निघाले. तो दगड अजून काठावर आहे आणि माझी माय त्याला डोंगा बांधते. पुलाचा आम्हाला झालेला उपयोग तेवढाच.

आम्ही काही पाण्यावरची माणसं नाही. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या वखर, डवरा, तिफण असल्या शेतीच्या अवजारांत गेल्या. बाबांनी कुठूनतरी एक जुना लाकडी डोंगा आणला तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या वल्ह्याला काय म्हणायचं हेसुद्धा घरात कुणाला माहीत नव्हतं. मायनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा तं भाजीचा चाटू हाय. रावनाच्या घरचा." तेव्हापासून आमच्याकडे वल्ह्याला चाटूच म्हणतात. चाळिशी उलटल्यावर ती डोंगा चालवायला शिकली. लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, मागच्या टोकाला उभी राहून, एका बाजूने पाणी मागे सारत ती पलीकडे जायची. बाबा गेले तरी ती जात राहिली. आता ती सत्तरीच्या पुढे आहे, आणि अजूनही तिच्या बगीच्यातलं कोणतं झाड रुसलं आहे, कोणत्या झाडाला पाणी जास्त झालं आहे, हे ती पानाकडे बघून सांगते.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तिचं वल्हं मोडलं.

पाण्याखाली जुन्या बाभळींची खोडं आहेत. पाणी उतरायला लागलं की ती वर येऊ पाहतात. धुईत एक खोड तिला दिसलं नाही, डोंगा त्याच्यावर चढला आणि अडकला. तिनं वल्हं खोडाला टेकवून जोर लावला. डोंगा सुटला आणि दांडी पात्याच्या वर हातभर अंतरावर कडकन गेली. पातं पाण्यात तरंगत होतं. ते तिनं ओढून घेतलं, डोंग्यातलं पाणी उपसायचं घमेलं हातात घेतलं, आणि घमेल्यानं पाणी मारत मारत ती काठाला आली. कुणाला हाक मारली नाही, रडली नाही. काठावर उभ्या असलेल्या नामदेवकाकांनी, म्हणजे आमच्या शेजाऱ्यांनी, तिच्या हातातले दोन तुकडे पाहिले. आणि पहिलं वाक्य काय बोलले? "बरं झालं, वयनी. आता तरी घरी बसा."

बरं झालं! एक बाई पाण्याच्या मधोमधून घमेल्यानं वल्हवत जिवानिशी परत आली, तिला लागलं का, ती भिजली का, हे विचारायचं सोडून बरं झालं. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव येऊन बरं झालं म्हणून गेलं. पिठाच्या गिरणीवरचा म्हणाला, किराणावाला म्हणाला, देवळाच्या ओट्यावरच्या बायांनी तर एका सुरात म्हटलं. तिचा ट्रॅक्टर बिघडला असता तर कुणी म्हणालं असतं का, की बरं झालं, शेती सुटली? मिस्त्री कुठे मिळेल ते सांगितलं असतं. म्हाताऱ्या बाईची वस्तू मोडली की मात्र ती देवानंच मोडलेली असते, तिच्या भल्यासाठी.

आणि मग अमरावतीहून दादाचा फोन आला. विलास, माझा मोठा भाऊ. बडनेरा रोडला त्याचा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, मायसाठी एक खोली आहे आणि त्या खोलीला खिडकी आहे, हे तो प्रत्येक वेळी सांगतो. तोही तेच म्हणाला. मायनं फोन माझ्याकडे दिला. मी त्याच दिवशी दिवाळीच्या सुट्टीसाठी अकोल्याहून पोचले होते आणि अजून पिशवीही उघडली नव्हती.

"शोभा, बरं झालं तू तिथं आहेस. तिला समजव," दादा म्हणाला. "बगीचा मी ठेक्यानं देऊन टाकतो. व्यापाऱ्याशी बोलणं झालंय. दिवाळी झाली की तिला घेऊन येतो."

"तिला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? बुडली असती तर?"

"बुडली नाही ना? मग आता विचार."

त्यानं फोन ठेवला. मागे वळून पाहते तर माय अंगणात बसून दोन तुकड्यांची टोकं एकमेकांना लावून बघत होती. तिच्या लेखी प्रश्न एकच होता, की फळ रंगावर आलं आहे, आठवड्याभरात तोडणी सुरू होईल, आणि तोपर्यंत दांडी झाली पाहिजे. झाली नाही तर तोडणारी माणसं दुसरा कुणी घेऊन जाईल, फळ दुसरा कुणी मोजेल, आणि एकदा का बगीच्यात दुसऱ्याचा पाय पडला की तिचा पुन्हा पडणार नाही. हे तिलाही कळत होतं आणि दादालाही. म्हणूनच त्याला घाई होती.

नवीन वल्हं का नाही घेतलं, असं मला नंतर अनेकांनी विचारलं. अहो, आमच्या तालुक्याच्या बाजारात नांगराचा फाळ मिळतो, मोटारीचा पंप मिळतो, लग्नाच्या घोड्याची झूल मिळते. वल्हं कोण विकणार? मागवता येतं म्हणे घरपोच. मी मोबाइलवर पाहिलं. ती प्लास्टिकची, रंगीत, हौशी माणसांची वल्ही, आणि पोचायला दिवाळी उलटणार. माय माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "हे तं पोट्ट्याइच्या खेळन्यातलं दिसून राह्यलं. ठेव थो मोबाइल. दांडी घरीच होते."

आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी एक असा मूर्खपणा केला, जो फक्त आमच्यासारखी काळ्या मातीतली माणसंच करू शकतात.

मायनं गोठ्याच्या छपरातून जुन्या डवऱ्याची दांडी काढली. बाभळीची. आमच्याकडे बाभळीच्या वर लाकूड नाही. वखराला बाभूळ, कुऱ्हाडीला बाभूळ, गाडीच्या आखाला बाभूळ. जड असेल तेवढं चांगलं, कारण जड असेल तेवढं ते मातीत बसतं. मोडलेली जुनी दांडी कुठल्याशा हलक्या लाकडाची होती, म्हणून ती मोडली, असा मायचा निकाल होता. "लाकडात दमच नोता," ती म्हणाली, पातं सोडवून घेतलं आणि दांडीचे दोन्ही तुकडे सरपणावर फेकले. मग बाभळीच्या दांडीला पातं बसवलं, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या लावल्या, भोकं पाडली आणि जाडजूड नट-बोल्ट पिळले. मीही काही कमी नाही. "अजून एक बोल्ट मार, माय," असं मीच म्हणत होते. झाल्यावर मायनं ते वल्हं अंगणात जमिनीवर आपटून पाहिलं. आमच्याकडे कोणतंही अवजार असंच पारखतात. जमीन हादरली, दांडी जशीच्या तशी. नामदेवकाका भिंतीवरून बघत होते, तेसुद्धा म्हणाले, "आता नाई मोडत बाप्पा!"

मोडलं नाहीच. आम्ही डोंगा सोडला, मी पुढे बसले, माय मागे उभी राहिली. तिनं पहिला हात मारला आणि तिच्या तोंडून "आई गं" निघालं. दुसऱ्या हाताला खांदा वर जाईना. तिसऱ्याला ओली मूठ निसटली, आणि आमचं ते अवजार, पट्ट्यांसकट, बोल्टांसकट, सरळ खाली गेलं. बुडबुडासुद्धा धड आला नाही. आम्ही दोघी पाण्याकडे बघत राहिलो. वल्हं हातातून सुटलं तर ते वर राहिलं पाहिजे, एवढी साधी गोष्ट आमच्या डोक्यात आली नव्हती. जमिनीवर टाकलेलं अवजार जमिनीवरच राहतं ना!

माय हसायला लागली. मीही हसले, पण मला आतून संताप येत होता. कुणी सांगितलं होतं आम्हाला पाण्यावर राहायला? कुणी विचारलं होतं? पाणी शहरांच्या नळाला जातं, कालव्यानं दुसऱ्यांच्या शेतात जातं, आणि म्हातारपणी माझ्या मायनं लाकूड तरंगतं की बुडतं याचा अभ्यास करायचा. घमेलं पुन्हा कामाला आलं. काठावर आल्यावर मायनं घरातून विहिरीत पडलेली बादली काढायचा लोखंडी गळ आणला, आणि दुपारभर आम्ही पाण्यात गळ टाकून आमचं वल्हं शोधत होतो. शेवटी एका पट्टीत गळ अडकला. ओढताना हाताची सालटी निघाली.

पातं सोडवून घेतलं आणि बाभळीची दांडी गोठ्यात परत गेली. सरपणावरचे ते दोन तुकडे माय हळूच उचलून घेऊन आली. बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसली. मोड सरळ नव्हती, लांबट तिरपी होती, तंतू बाहेर आलेले.

"शोभे, आपून याले वखर समजून राह्यलो होतो," ती म्हणाली. "याले कलम बांधल्यावानी बांधाले पायजे."

कलमं बांधण्यात मायचा हात आमच्या भागात कुणी धरत नाही. जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटव्याचा कोंब, भरायचा आणि वरून पट्टी अशी गुंडाळायची की पावसाचा थेंब आत शिरणार नाही, हे ती लग्नाआधीपासून करत आली आहे. तिनं तिचा डोळे भरायचा चाकू काढला. दोन्ही तुकड्यांची मोडलेली तोंडं तासली, लांब तिरपी, एकमेकांवर तंतोतंत बसतील अशी. मी तुकडे धरून बसले आणि ती तासायची, बसवून बघायची, पुन्हा तासायची. मधे प्रकाश दिसतो का ते बघायला दांडी उन्हात धरायची. दिसला की तोंडानं च्यक करायची. मी चहाला उठले तर म्हणाली, "बस खाली. हाललं तं पुन्हा पह्यल्यापासून." मग मी मोर्शीहून आणलेल्या दोन नळ्यांतला डिंक एका फुटक्या खापरीवर कालवला. तो इतका घाणेरडा वासाचा होता की मांजर घर सोडून गेलं. सांध्याला तो चोपडला, वरून टेकूच्या बांबूच्या चिरलेल्या कामट्या तिन्ही बाजूंनी लावल्या, आणि सुतळीनं करकचून आवळलं. सगळ्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी. ती बांधताना मायनं एक टोक दातात धरलं होतं. खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा, रबर ताणून ताणून. मी म्हटलं, वरून खाली का नाही? तोंडातलं टोक न सोडता ती म्हणाली, "पानी आत जाइन ना."

पातं परत जागेवर बसवलं आणि दोन दिवस ते वल्हं माळ्याला टांगून वाळवलं. नवीन लुगडं वाळत घातल्यासारखी ती येता जाता त्याला हात लावायची. तिसऱ्या दिवशी आम्ही ते पाण्यात टाकून पाहिलं. तरंगलं. माय पलीकडे जाऊन आली, परत गेली, पुन्हा आली. तिचं तोंड असं झालं होतं की मी मोबाइल काढला आणि मग ठेवून दिला. काही गोष्टींचे फोटो काढू नयेत. फळ कसं आहे असं विचारलं तर पदरातून एक संत्रं काढून तिनं माझ्या हातावर ठेवलं. कोमट होतं, उन्हातलं.

आणि मग दादा आला. लक्ष्मीपूजन झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन दारात. वहिनीनं चिवडा-अनरशांचा डबा पाठवला होता. त्यानं चपला काढल्या, मायच्या पाया पडला, आणि त्याची नजर ओसरीच्या कोपऱ्यातल्या वल्ह्यावर गेली.

"हे काय?"

"केलं आम्ही," मी म्हणाले. माझ्या आवाजात तोरा होता, तो मी लपवला नाही.

त्यानं वल्हं उचललं, सांध्यावर बोट फिरवलं. "ट्यूब बांधून? शोभा, तू मास्तरीण आहेस ना? हे मधोमध गेलं तर?"

"चार दिवस झाले, माय ह्याच्यावरच जाऊन राहिली आहे."

"जातंय तोवर जातंय." तो वल्हं घेऊन अंगणात गेला. "मोडल्यावर रडत बसण्यापेक्षा आत्ताच बघू." त्यानं वल्ह्याचं पातं जमिनीवर ठेवलं, वरचं टोक ओट्याच्या कडेला टेकवलं, आणि दांडीवर पाय दिला. मी ओरडले. मायही काहीतरी म्हणाली. त्यानं दुसऱ्यांदा सगळं वजन घालून पाय मारला आणि दांडी मोडली.

"बघ," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "मोडली की नाही?"

मोडली की नाही! अरे, तू मोडलीस! नव्वद किलोचा माणूस दांडीवर पाय मारतो, तर वल्हं काय, चौकट मोडेल. आधी मोडायचं आणि मग मोडकं दाखवून सांगायचं, की बघा, हे टिकणार नव्हतं. किती बायांच्या बाबतीत असं करतात लोक! नोकरी सोडायला लावतात आणि मग म्हणतात, हिला जमलंच नसतं. घराबाहेर पडू देत नाहीत आणि म्हणतात, हिला रस्ते कळत नाहीत. मी त्याला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. नामदेवकाका भिंतीवरून बघत होते, त्यांनाही मी दोन शब्द सुनावले. दिवाळीचं घर होतं, पण मला त्याची पर्वा नव्हती.

माय मात्र वाकून मोड बघत होती. दांडी सांध्याच्या वर, कोऱ्या लाकडात मोडली होती. ट्यूबचा एक वेढासुद्धा सुटला नव्हता. खाली पातं, सांधा आणि वर जेमतेम हातभर दांडी, एवढाच तुकडा उरला होता. तिनं तो उचलून काखेपाशी लावून पाहिला. मग चाकूनं वरची मोड गोल केली, फुटक्या बाटलीच्या काचेनं घासली, अंगठा फिरवून पाहिला. सगळं शांतपणे. दादा आता जरा वरमला होता.

"माय, मी तुझ्या भल्यासाठीच..."

ती त्याच्याकडे न बघता काठाकडे निघाली. आम्ही दोघं तिच्या मागे. आजूबाजूचेही आले, त्यांना तर आयताच तमाशा. तिनं दगडाची दोरी सोडली आणि डोंग्यात पाय ठेवला. उभी राहिली नाही. दांडी आखूड झाली होती, म्हणून मधल्या फळीवर पोतं टाकून त्यावर गुडघे टेकून बसली. दादा पाण्यापर्यंत गेला.

"माय, काहून असं करून राहिली तू? तुले काही झालं तं मी काय करू?"

अमरावतीत राहून त्याची भाषा गेली होती. ती अशी एकदम परत आली. मायनं त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"तुले भेव वाट्टे, बाबू. मले मालूम हाय," ती म्हणाली. "पन भेव तुहं हाय. वावर माहं हाय."

आणि तिनं पाणी मारलं. गुडघ्यावर बसून डोंगा उलट जास्त स्थिर चालत होता. हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, तिलाही नाही. ती दूर दूर जात लहान झाली. काठावर कुणी बरं झालं म्हणालं नाही.

दादा त्या दिवशी अमरावतीला परतला नाही. संध्याकाळपर्यंत तो काठावर उभा होता. जेवायला आला नाही. डोंगा परत आला तेव्हा तो पँट भिजवत गुडघाभर पाण्यात गेला आणि डोंगा ओढून घेतला. मायनं संत्र्यांचा कॅरेट त्याच्या हातात दिला. "धर," एवढंच म्हणाली. व्यापारी आला तो मायशी बोलला आणि फळाचा सौदा तिनं केला. बगीचा ठेक्यानं गेला नाही. अमरावतीतल्या त्या खोलीची खिडकी अजून उघडायची आहे.

मला भीती वाटत नाही असं नाही. वाटते. धुई पडली की अकोल्यात बसून मला तिचा डोंगा दिसतो. पण त्या सगळ्या दिवसांत "जाऊ नको" म्हणणारे सगळे होते. "कशी जाशील, कशानं जाशील, मी काय करू" असं विचारणारं कुणी नव्हतं. माझा राग एवढाच आहे आणि तो अजून पुरता आहे.

यंदा मी पुन्हा गावी आले आहे. आंबियानं रंग धरला आहे, काठावरचं गवत पिवळं पडलं आहे, टेकूसाठी चिरलेल्या बांबूंचा ओला वास अंगणभर आहे. आज सकाळी मायनं गुडघ्याखालचं पोतं झटकलं आणि ती गेली. थोड्याच वेळात दादाचा फोन आला.

"माय गेली?"

"गेली."

"धुई आहे का?"

"आहे."

मग म्हणाला, "आली की मला सांगशील?"

"नाही सांगणार," मी म्हणाले. "भीती तुझी आहे ना? तूच ये आणि काठावर उभा राहा." आणि फोन ठेवून दिला.

दुपारच्या आधी त्याची गाडी काठाला लागली. तो उतरला, डिकीतून पाण्यात तरंगवणारं, मायच्या मापाचं फुगीर जॅकेट काढून हातात धरून उभा राहिला. पाण्यापलीकडे माय झाडांमध्ये दिसत होती, मधूनच लुगड्याचा हिरवा रंग. तो तिकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. उन्हात त्याला घाम आला होता. घर तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि चुलीवर आधण होतंच.

चहा मात्र मी त्याला विचारला नाही.